माध्यमाचा रकाना

आपली बायको दीपमाला गेली हे सेवकरामला डॉक्टरने सांगितलं होतं, पण त्याला ते कळलं नाही. कळलं ते रीनाने सांगितल्यावर.

नागपूरच्या त्या दवाखान्यात दीपमालाला आणून नऊ दिवस झाले होते. किडन्या दोन वर्षांपासून थकल्या होत्या. आठवड्यातून दोनदा यंत्रावर रक्त साफ करून घ्यायचं आणि गावी परतायचं, असं चाललं होतं. या वेळी ठेवून घेतलं. त्या सकाळी तरुण डॉक्टर बाहेर आला, अर्धं हिंदीत आणि अर्धं इंग्रजीत बरंच काही बोलला, शेवटी सॉरी म्हणाला आणि सेवकरामच्या खांद्यावर हात ठेवून निघून गेला. सेवकरामने मान हलवली. दवाखान्यात त्याने मान हलवायची सवयच लावून घेतली होती. मग खिडकीपाशी जाऊन त्याने सिस्टरला विचारलं की पुढचं डायलिसिस आज आहे की उद्या.

सिस्टरने त्याच्याकडे पाहिलं आणि रीनाला बोलावणं पाठवलं.

रीना गावचीच. खैरटोल्याच्या मालनबाईची पोरगी, दीपमालाच्या हाताखाली शिकलेली. या दवाखान्यात एका प्रकल्पावर समुपदेशक म्हणून सहा महिन्यांसाठी लागली होती. रिपोर्टात काय लिहिलं आहे, औषध कसं घ्यायचं, ऑपरेशनच्या कागदावर सही कशासाठी, हे खेड्यावरून आलेल्या माणसांना त्यांच्या बोलीत समजावून सांगायचं, हे तिचं काम. ती आली, सेवकरामला बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि समोर उकिडवी बसली.

"काकाजी, डॉक्टर काय बोलले ते मी तुमाले आपल्या बोलीत सांगते. मधात काही पुसू नका. मंग तुमी मले सांगा."

त्याने पाण्याचा पेला बाकावर ठेवला.

"बाईचं हृदय सकाळी सव्वासातले बंद पडलं. त्याईनं वीस मिनिटं छाती दाबून पायली. पुन्हा चालू झालं नाही. बाई गेल्या."

मग ती थांबली.

"आता तुमी सांगा, मी काय सांगतलं."

सेवकराम म्हणाला, "दीपमाला गेली."

"कवा?"

"सव्वासातले." आणि मग तो रडला.

पुढे कितीतरी दिवस त्याला एवढंच आठवत राहिलं, की ही पद्धत दीपमालाची होती. आधी सांगायचं, मग समोरच्याकडून सांगून घ्यायचं. तिच्या मरणाची बातमीसुद्धा तिच्याच पद्धतीने त्याच्यापर्यंत आली.

खैरटोला दिघोरीच्या पुढे, तलावाच्या पाळीला लागून वसलेलं गाव. धानाची शेती, सातवीपर्यंत शाळा. जिल्हा फुटून गोंदिया वेगळा जिल्हा झाल्यावर तिकडचे शिक्षक बदल्या करून तिकडे गेले, त्यांच्या जागा बरीच वर्षं भरल्या नाहीत. दीपमाला डी.एड. झालेली होती, पण नोकरी लागली नव्हती. दोन हजार आठ साली गावाने तिला शाळेत शिकवायला बसवलं. कागदावर तिचं नाव कुठेच नव्हतं. हजेरीपटावर सही मुख्याध्यापक लक्ष्मणराव गुरुजींची, वर्गात उभी दीपमाला.

तेव्हा सेमी इंग्रजीची हवा होती. गणित आणि विज्ञान इंग्रजीत, बाकी मराठीत. दीपमालाने ते आपल्या डोक्याने चालवलं. धडा आधी इंग्रजीत वाचायचा, मग मराठीत उलगडायचा, आणि पोराने घरी जाऊन तो आईला घरच्या बोलीत सांगायचा. शनिवारी सकाळची शाळा. त्या दिवशी आया शेतावर जाता जाता शाळेच्या दारात थांबत, डोक्यावर शिदोरी, कंबरेला विळा. दीपमाला एकेकीला विचारायची, या आठवड्यात पोरानं काय सांगितलं? आईला सांगता आलं तर पोरगं पास. नाही आलं तर पोरगं नापास, आई नव्हे. गावात याला आईची परीक्षा म्हणत. बाया आपसांत टोमणे मारत, की आम्ही बांधावर बसून बेरजा करून राहिलो आणि पोरं झाडावर चढून राहिली. पण चुकत नसत. एका साली ऐन रोवणीतसुद्धा, गुडघ्यापर्यंत चिखलाच्या पायांनी येऊन सांगून गेल्या होत्या.

एकोणीस पोरं तिसरीपासून सातवीपर्यंत अशी शिकली. त्यात रीना होती, आणि सेवकरामचा स्वतःचा मुलगा अश्विन होता.

चूक सेवकरामने केली. तो शाळा समितीचा अध्यक्ष होता. पोरं सातवीत गेली त्या वर्षी साकोलीच्या एका कॉन्व्हेंटची पिवळी बस दिघोरीपर्यंत येऊ लागली. पोरांच्या गळ्यात टाय. खैरटोल्यातल्या दोन घरांनी पोरं काढायची बोलणी चालवली. पट घसरला तर शाळाच बंद पडेल, अशी समितीला धास्ती. तेव्हा सेवकरामने बैठकीत ठराव मांडला, की आपली पोरंही गणित-विज्ञान इंग्रजीतच शिकतात, मग दाखलखारीज रजिस्टरात आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माध्यमाच्या रकान्यात इंग्रजी लिहायला काय हरकत आहे? आजूबाजूच्या गावांना कळेल की खैरटोल्याची शाळाही काही कमी नाही.

लक्ष्मणराव गुरुजी बिचकले. सरकारी कागद आहे, म्हणाले. दीपमाला बैठकीच्या मागे भिंतीला टेकून उभी होती. तिने एवढंच म्हटलं, की दोन भाषांत शिकली आहेत तर दोन लिहा.

सेवकराम हसला होता. "दोन लिवल्या तं लोकं अर्धी-अर्धी मनतील. इथं पुरी पायजे."

ठराव झाला. एकोणीस दाखल्यांवर गुरुजींच्या वळणदार अक्षरात इंग्रजी लिहिलं गेलं. गावाने पेढे वाटले. दीपमाला त्या दिवशी घरी आली आणि पुन्हा कधी त्या विषयावर बोलली नाही. सेवकरामला वाटलं तिला पटलं.

दीपमाला गेल्यावर तीन दिवसांनी तिच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम विहारात झाला. वंदना झाली, भंतेजींनी चार शब्द सांगितले, दीपमालाच्या फोटोसमोर शाळेतल्या पोरांसाठी वह्यांचा गठ्ठा ठेवला. रीना रजा काढून आली होती आणि पंगतीत वाढत होती. सेवकराम तिला म्हणाला की बाईची नोकरी राहून गेली, पण तुझी पक्की झालेली पाहून तिला समाधान होतं. रीनाने मान खाली घातली आणि वरणाची बादली घेऊन पुढे सरकली.

मालनबाई बाजूलाच बसली होती. तिने सांगायला सुरुवात केली आणि मध्येच थांबली. अश्विनने ते पूर्ण केलं. तो पुण्याहून तीन दिवसांपूर्वी आला होता आणि तीन दिवसांत बापाशी दहा वाक्यं बोलला नव्हता.

रीनाचे सहा महिने संपत आले होते. पुढची नेमणूक पाच वर्षांची होती. त्या जागेला अट अशी होती की उमेदवाराचं प्राथमिक शिक्षण मराठी माध्यमातून झालेलं असावं, आणि इंग्रजी कामापुरती यावी. कामच तसं होतं. मुलाखतीत रीना पहिली आली. कागद तपासताना दाखल्यावर इंग्रजी माध्यम निघालं. दवाखान्याच्या कार्यालयातल्या बाईंनी तीस तारखेपर्यंत मुदत दिली. दुरुस्त दाखला आणा, नाहीतर यादीतलं पुढचं नाव.

सेवकरामने विचारलं, आधी काहून सांगितलं नाही?

अश्विन म्हणाला, "कोणाले सांगणार, बाबा? तुमी लिवून घेतलं ते. आईले दवाखान्यात रीनानं सांगतलं होतं. आई मनली, त्याईले आता नको सांगू, मी बरी झाली का मीच पायते."

आणि मग त्याने स्वतःचंही सांगितलं, ताटाकडे पाहत, हळू आवाजात. पुण्यात एका कंपनीत त्याला बोलावणं आलं होतं. अर्जावर त्याने दाखल्याप्रमाणे इंग्रजी माध्यम भरलं. समोरच्यांनी गणिताचं काही विचारलंच नाही. पंधरा मिनिटं नुसतं इंग्रजी बोलत राहिले आणि याची जीभ अडखळली तसे एकमेकांकडे पाहू लागले. त्यांना वाटलं दाखला खोटा आहे. पुढच्या ठिकाणी त्याने मराठी भरलं, तर कागद वेगळं सांगतो म्हणून अर्जच बाजूला ठेवला. आता तो एका गोदामात खोक्यांवर बारकोड वाचायचं यंत्र फिरवत होता.

"गणित मले आजबी दोन्ही भाषेत येते," अश्विन म्हणाला. "पण तिथवर कोणी पोचूच देत नाही. दारातच कागद मांगतात."

सेवकराम जेवण सोडून उठला नाही. ताटातलं सगळं संपवलं, हात धुतले आणि भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. तीस तारखेला बावीस दिवस होते.

दुसऱ्या दिवशी तो शाळेत गेला. आताच्या मुख्याध्यापिका नव्या होत्या. त्यांनी कपाटातून रजिस्टर काढलं, पान दाखवलं, आणि नीट समजावून सांगितलं की शाळा सोडून गेलेल्या मुलाच्या नोंदीत शाळा स्वतःहून खाडाखोड करू शकत नाही. उमेदवाराचा सहीनिशी अर्ज, शाळेचा प्रस्ताव, ज्यांनी नोंद केली त्यांचा खुलासा, आणि शिक्षण विभागाचा आदेश हवा. सेवकरामने त्या बोलल्या तसं मनात बसवलं, आणि मग त्यांना म्हणाला, आता मी सांगतो, बरोबर आहे का पाहा. बाई जरा चकित झाल्या. त्याने चारही गोष्टी क्रमाने सांगितल्या.

रीनाने अर्ज त्याच दिवशी सही करून दिला. प्रस्ताव मुख्याध्यापिकांनी दोन दिवसांत तयार केला. खुलासा मात्र लक्ष्मणराव गुरुजींचा पाहिजे होता.

गुरुजी निवृत्त होऊन पवनीला राहत होते. घरात मागच्या खोलीत वडिलांच्या वेळचा हातमाग, आता नुसता उभा. गुरुजींच्या पत्नी शोभाताईंनी चहा आणला, दीपमालाचं ऐकून डोळ्यांना पदर लावला आणि तिथेच बसून राहिल्या. गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, की चुकीची नोंद मी केली असं लिहून दिलं आणि उद्या कोणी माझं पेन्शन अडवलं तर या वयात मी कुठे जाऊ? त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. सेवकराम दोन तास बसला. काही मागितलं नाही, काही सुनावलं नाही. उठताना म्हणाला की परवा पुन्हा येतो.

परवा तो आला तेव्हा त्याच्या हातात स्वतःचा कागद होता. आठवी नापास माणसाचं अक्षर. त्यात लिहिलं होतं की मी शाळा समितीचा अध्यक्ष असताना गुरुजींची इच्छा नव्हती, माझ्या सांगण्यावरून आणि माझ्या दबावाने ही नोंद झाली, एकोणीस मुलांचं नुकसान झालं, त्याला मी जबाबदार आहे. खाली सही.

गुरुजींनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

"तुम्ही त्या दिवशी टेबलावर हात आपटला होता, ते नाही लिहिलं."

"लिवतो," सेवकराम म्हणाला आणि पेन मागितलं.

शोभाताई हसल्या. गुरुजीही हसले, आणि मग आत जाऊन कोरा कागद घेऊन आले.

बावीस तारखेला सगळे कागद घेऊन सेवकराम, गुरुजी, मालनबाई आणि आणखी तीन आया शिक्षण विभागाच्या कार्यालयात पोचले. धान कापणीचे दिवस होते, बायांनी एक दिवसाची मजुरी सोडली होती. अधिकारी बाई होत्या. त्यांनी कागद शांतपणे वाचले. म्हणाल्या, की खुलासा आहे, जबाबदारी घेतली आहे, हे ठीक. पण शाळेत खरंच दोन भाषांत शिकवलं जात होतं याला पुरावा काय? वेळापत्रक?

वेळापत्रक वाळवीने खाल्लं होतं. शिकवणारीचं नाव हजेरीपटावर नव्हतं. आणि ती आता नव्हती.

सेवकराम म्हणाला, "पुरावा हे बसल्या, मॅडम." आणि बायांकडे हात केला.

बाजूच्या टेबलावरचा कारकून म्हणाला की तोंडी सांगण्याला पुरावा म्हणत नाहीत. तो उद्धट नव्हता, त्याला नियम माहीत होता. पण मॅडमनी मालनबाईकडे पाहिलं आणि विचारलं, काय सांगता तुम्ही?

मालनबाई उभी राहिली. पदर खोचला. शनिवारी शाळेच्या दारात उभी राहायची तशीच उभी राहिली आणि समोर भिंतीकडे पाहून बोलू लागली.

"झाडाचं पान आपला सैपाक आपणच करते. पानात हिरवा रंग रायते, त्याले क्लोरोफिल मनतात. पाणी खालून मुळीतून येते. हवा पानाच्या बारीक भोकातून येते, त्या भोकाले स्टोमेटा मनतात. चूल मनजे सूर्य. धानाचं रोप झाडाखाली लावलं तं पिवळं पडते, काहून का तिथं चूल पेटत नाही."

गुरुजी जमिनीकडे पाहत होते.

"हे तुम्हाला कोणी शिकवलं?" मॅडमनी विचारलं.

"पोरीनं. पोरीले बाईनं."

"तुम्ही कितवी शिकलात?"

"मी तं फक्त शनवारची गेली, मॅडम."

कारकून हळूच म्हणाला, की हा धडा तर इंग्रजी शाळेतही असतो, यावरून माध्यम कसं ठरणार?

मालनबाईने वळून त्याच्याकडे पाहिलं. "मंग इंग्रजी शाळेतल्या पोराच्या मायले बलवा, भाऊ, अन् तिले पुसा."

मॅडम हसल्या नाहीत, पण त्यांनी कारकुनाला कोरे कागद काढायला सांगितलं. चारही आयांचे जबाब घेतले. प्रत्येकीला एक धडा विचारला. एकीला अपूर्णांक आठवले, एकीला पाण्याची वाफ. चौथीला काहीच आठवेना. ती रडवेली होऊन म्हणाली की माझं पोरगं नेहमी नापासच व्हायचं. मॅडमनी तेही लिहून घेतलं, म्हणाल्या, हे सगळ्यांत खरं वाटतं. जबाबात शिकवणाऱ्या बाईचं नाव विचारलं गेलं. कारकुनाने प्रत्येक कागदावर दीपमालाचं पूर्ण नाव लिहिलं. सरकारी कागदावर ते नाव त्या शाळेच्या संदर्भात पहिल्यांदा आलं. सेवकरामने कागद उलटा असतानाही ते वाचलं.

आदेश सत्तावीस तारखेला निघाला. अठ्ठावीसला शाळेने नवा दाखला दिला. माध्यमाच्या रकान्यात लिहिलं होतं: मराठी, गणित व विज्ञान इंग्रजीतून. दोन भाषा, दीपमाला म्हणाली होती तशा. सेवकराम तो घेऊन स्वतः नागपूरला गेला. ज्या बाकावर रीनाने त्याला बसवलं होतं त्याच बाकावर बसून राहिला. ती कागद आत देऊन आली आणि म्हणाली की जमा झाला, पुढच्या महिन्यापासून पक्कं.

"आता तू सांग, काय मनले ते," सेवकराम म्हणाला.

तिने पुन्हा सांगितलं.

त्याला वाटलं होतं की इथे काम संपेल. पण गाडीत बसल्यावर त्याच्या ध्यानात आलं की रजिस्टरच्या त्या पानावर अठरा नावं अजून तशीच आहेत. मॅडमनी सांगितलं होतं की प्रत्येकाचा अर्ज वेगळा, सही ज्याची त्याची. तेव्हापासून तो कापणीतून वेळ काढून एकेकाच्या घरी जातो. साकोलीच्या बँकेत बसणारी एक पोरगी आहे, ती म्हाताऱ्यांना फॉर्म वाचून सांगते. तिने लगेच सही केली. दोघी लग्न होऊन छत्तीसगडकडे गेल्या, त्यांचे पत्ते शोधायचे आहेत. भूपेंद्र ट्रॅक्टर चालवतो. तो म्हणाला, ट्रॅक्टरले माध्यम लागत नाही, काकाजी, कायले दमता? सेवकराम म्हणाला, तुले नाही लागत, उद्या तुह्या पोराले बापाचा दाखला लागन. भूपेंद्रने इंजिन बंद न करता बोनटवर कागद ठेवून सही केली.

अश्विनचा अर्ज त्याने स्वतः भरून पुण्याला पाठवला. दर रविवारी फोन करतो. अश्विन म्हणतो, पाहतो. सेवकराम त्याला घाई करत नाही, पण फोन ठेवण्याआधी दर वेळी तेच विचारतो, सही केली का?

एकोणीसपैकी आठ दाखले दुरुस्त झाले. अकरा व्हायचे आहेत. त्यात अश्विनचा आहे.